कानात बोळे घालून गाणं ऐकणं हा गाण्याचा अपमान आहे का?

मंद्रसप्तक

परवा एका ग्रुपवर पोस्ट वाचली. पुण्यातल्या एका ओपन-एअर कॉन्सर्टहून आलेल्या मुलाने लिहिलं होतं की शेजारच्या बाईने पूर्ण वेळ कानात केशरी बोळे (इअरप्लग) घातले होते. "एवढा त्रास होतो तर घरी बसून यूट्यूब बघा, पुढची जागा कशाला अडवता?" खाली हसणाऱ्यांची रांग. मी तिथे उत्तर लिहायला बसले, ते लांबलं, म्हणून इथे टाकते.

ती बाई मी नव्हते, पण असू शकले असते. २०१० साली पहिला 'एनएच७ वीकेंडर' संगीत महोत्सव कोरेगाव पार्कात झाला तेव्हापासून मी उभ्याने गाणी ऐकतेय. घरी तानपुरा आहे, सवाईला दरवर्षी जाते. तेव्हा मला गाण्याची ॲलर्जी आहे असं कुणी म्हणू नये.

२०१४ मध्ये एका कॉलेजच्या फेस्टला आम्ही सात जण डाव्या बाजूच्या स्पीकरच्या भिंतीला जवळजवळ पाठ टेकून अडीच तास उभे होतो. परतताना गाडीवर मैत्रीण मागून काहीतरी सांगत होती. मला फक्त तिची हनुवटी खांद्यावर हलतेय एवढंच कळत होतं. इंडिकेटर घरापर्यंत चालू राहिला, त्याची टिकटिक ऐकूच आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कान उघडले आणि मी ते विसरून गेले. पुढची चार वर्षं हेच करत राहिले.

मग एका सकाळी रियाजाला बसले, तार जुळवली आणि बहिणीला विचारलं, "घोडीवरचा दोरा सरकलाय का गं? जवारी बोलत नाहीये." ती म्हणाली, "छान बोलतेय की." दोरा जागेवरच होता. माझ्या डाव्या कानालाच जवारीचा तो वरचा झणत्कार येत नव्हता. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली. आणि रात्री पंखा बंद केला की चार इमारती पलीकडे कुकरची शिट्टी होतेय आणि थांबतच नाहीये, असा आवाज. तो आत्ता हे लिहितानाही आहे.

आतल्या कानात केसाळ पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या मोजपट्टीने ८५ डेसिबलला ८ तास सुरक्षित, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. त्या बाईला हसणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच विचारायचंय: स्टेजवरचा गायक कानात साच्यात बनवलेले मॉनिटर (इअरफोन) घालून गातो, बाहेरचा आवाज अडवूनच गातो. त्याने केलं तर व्यावसायिकता आणि समोरच्याने केलं तर अपमान, असं कसं?

झेडब्रिज

ताई, वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या एका कानावरून सगळ्यांना घाबरवू नका. आम्ही सात-आठ वर्षं जातोय, काही झालेलं नाही. बेस छातीत लागला नाही तर कॉन्सर्टला जायचंच कशाला? माझे पैसे, माझे कान.

मंद्रसप्तक

छातीतला बेस कानातून येत नाही रे. तो पायाखालच्या जमिनीतून आणि बरगड्यांतून येतो. बोळे घालून बघ, छाती तशीच हलते. आणि "काही झालेलं नाही" हे तू तपासून सांगतोयस की अंदाजाने? मीही चार वर्षं तेच म्हणत होते.

कन्सोलमागे

मी सोळा वर्षं लाइव्ह साउंड करतोय. दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, १०० ला १५ मिनिटं हा आकडा अर्धवट सांगू नका. ती मर्यादा रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी आहे, आठवड्याचे पाच दिवस, चाळीस वर्षं. वर्षातून तीनदा कॉन्सर्टला जाणारा सोळाव्या मिनिटाला बहिरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मानक काढलं, त्यात कमाल पातळी १०० डेसिबलच आहे, १५ मिनिटांची सरासरी धरून. म्हणजे जगातले तज्ज्ञही १०० ला कॉन्सर्ट होऊ शकते असं म्हणतात.

दुसरी, तुमचे ते फोमचे बोळे. मी दुपारी दोनला साउंडचेकला उभा राहतो, गायकाचा "स" टोचू नये आणि तरी शब्द कळावा म्हणून तासभर झगडतो. तुम्ही येता आणि मेडिकलमधला बोळा कोंबता. फोम वरचे सूर जास्त खातो, खालचे कमी. तुम्हाला ऐकू येते ती गोधडीखालची गाणी, आणि बाहेर जाऊन म्हणता साउंड घाण होता. राग येणारच ना?

आणि आवाज आम्ही वाढवतो असंही समजू नका. आयोजक मागे येऊन उभा राहतो आणि अंगठा वर करत राहतो.

आवर्तन

१९५३ पासून सवाई चालू आहे. रमणबागेत रात्र रात्र ऐकलंय. तिथे कधी कुणाला कानात काही घालावं लागलं नाही. ज्या संगीताला बोळे लागतात त्या संगीतातच काहीतरी चुकतंय. इतकं साधं आहे.

कन्सोलमागे

झालं, आलं. सवाईलाही साउंड सिस्टीम असते साहेब, हवेतून येत नाही आवाज.

श्रवणखोली

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच बघते. कन्सोलमागे यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, नायॉशची मोजपट्टी रोजच्या कामासाठीच आहे. पण त्यांनीही अर्धंच सांगितलं. आरोग्य संघटनेच्या त्याच मानकात १०० सोबत आणखी अटी आहेत: आवाज सतत मोजायचा, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण उपलब्ध करून द्यायचं, थोडा वेळ बाजूला जाऊन बसायला शांत जागा ठेवायची. पुण्यात किती कार्यक्रमांत पाहिलीत अशी जागा? आणि १०० तुमच्या कन्सोलपाशी, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलापाशी, असतात. स्पीकरपासून दोन मीटरवर लोखंडी कठड्याला चिकटून उभ्या असलेल्या पोरीला तेवढेच मिळतात का?

आता "काही झालेलं नाही" बद्दल. पहिले जातात ते ३ ते ६ हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर. गप्पा ऐकू येतात, फोन ऐकू येतो, म्हणून माणूस निश्चिंत असतो. मग गर्दीत स, च, ट, त निसटायला लागतात. माझ्याकडे एक रिक्षावाले दादा आले होते. त्यांची तक्रार "ऐकू येत नाही" अशी नव्हतीच. "गिऱ्हाईक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं. साठ म्हणतं की सात, कळत नाही" अशी होती.

कार्यक्रमानंतर कान बसले आणि दुसऱ्या दिवशीही मोकळे झाले नाहीत, तर आठवडाभर वाट बघत बसू नका. लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. सुरुवातीच्या दिवसांतच काही करता आलं तर येतं.

कन्सोलमागे

कठड्याचं मान्य. तिथे मी स्वतः उभा राहणार नाही. सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) बहुतेक ठिकाणी तिथेच जमिनीवर असतात. आणि हो, कार्यक्रमाची उभारणी करताना मी स्वतः प्लग घालतो. पण माझे फिल्टरवाले आहेत, सगळे सूर सारखेच खाली आणणारे. लिहायचं तर तेवढं तरी लिहा.

लक्ष्मीरोडच्याकाकू

तुम्ही तिकीट काढून जाता, नको वाटलं तर बाहेर पडता. आमचं काय? विसर्जनाच्या दिवशी आमच्या खिडकीखालून सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिरवणूक. मागच्या वर्षी कपाटातल्या बशा एकमेकींवर आपटायला लागल्या, म्हणून मी त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. सासूबाई ८६ वर्षांच्या. त्यांना आतल्या न्हाणीघरात खुर्ची टाकून बसवलं, कारण तेवढीच एक खोली रस्त्यापासून लांब. २००० सालच्या नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ लिहिलंय, मी छापून भिंतीला लावलंय. बोळे आम्हीही घालतो. पण आमच्या घरात आम्ही का घालायचे?

ताशा_पहिलीरांग

काकू, डीजेवाल्यांना बोला, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. पण ढोल-ताशाला त्यात ओढू नका. तो आमचा जीव आहे. दरवर्षी कुणीतरी उठतं आणि ढोल मोजायला निघतं. २०२४ मध्ये पथकात तीसच जण असा आदेश आला होता, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा कुठे श्वास घेतला. कॉन्सर्टला हजारो रुपये उडवणाऱ्यांनी पुण्याच्या ढोलाला हात लावायचा नाही.

लक्ष्मीरोडच्याकाकू

अरे बाळा, माझा मुलगा सहा वर्षं पथकात ढोल वाजवत होता. मला ढोल शिकवू नकोस. सासूबाईंना न्हाणीघरात बसवलं त्या दिवशी खाली ढोलच होते.

मंद्रसप्तक

ढोलाला कुणी हात लावत नाहीये. पण आवाज परंपरेचा आहे की परदेशी बँडचा, हे कानाला कळत नाही. आणि कन्सोलमागे यांचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. मी वर्षातून तीनदा जाते. तुम्ही गणपतीआधी दीड-दोन महिने नदीपात्रात रोज संध्याकाळी दोन-अडीच तास सराव करता, मग दहा दिवस. ते तर कामाला गेल्यासारखंच झालं. नायॉशची मोजपट्टी कुणाला लागू होत असेल तर तुम्हालाच.

ताशा_पहिलीरांग

तुम्हाला सरावाचं काय माहीत? पावसात भिजून, ढोलाची पानं ताणून, हाताला फोड येईपर्यंत वाजवतो आम्ही. पगार नाही मिळत त्याचा. कामाला गेल्यासारखं म्हणे.

आवर्तन

इतकी वर्षं लोक वाजवतायत. सगळे बहिरे झाले का?

श्रवणखोली

सगळे नाही. ज्यांना कमी येतं ते तपासायला येतात वयाच्या पन्नाशीत, आणि म्हणतात "वयामुळे असेल". ताशा_पहिलीरांग, भांडायला विचारत नाहीये. तुम्ही कानात काय घालता?

ताशा_पहिलीरांग

कापूस.

श्रवणखोली

कापसाने मिळतात जेमतेम काही डेसिबल, आणि ताशासमोर तेवढ्याने भागत नाही. फोमचा बोळा नीट बसला तर वीसेक डेसिबल सहज उतरतात. "नीट" महत्त्वाचं. बोटांत फिरवून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सारायचा, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. अर्धा बाहेर लटकत असेल तर तो दागिनाच. आणि चहा-क्रीमरोलच्या पैशांत जोडी येते.

झेडब्रिज

सुतळीवालं वाचून आत्ता घरी पडलेला विमानातला बोळा घालून बघितला. इतके दिवस उलटाच घालत होतो. पुढच्या वेळी खिशात ठेवेन. घालेनच असं नाही म्हणत.

ज्याने ती पोस्ट लिहिली तो माझा मित्र आहे. त्याला हे पाठवतो.

मंद्रसप्तक

त्याला एक आणखी सांग. मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमात माझ्यापुढे एक बाबा दोन-अडीच वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचत होते. तिने दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले होते आणि खाली सगळे तिचा व्हिडिओ काढत होते, गोड दिसते म्हणून. मी माझे बोळे काढून देऊ केले, पण ते मोठ्यांचे, तिच्या कानात बसेनात. शेवटी बाबा मागे जाऊन उभे राहिले. लहान मुलांना डोक्यावरून बसणारे मफ मिळतात. मूल न्यायचं असेल तर ते आधी घ्या, तिकीट नंतर.

कन्सोलमागे

हे बरोबर आहे. पुढच्या शोला आयोजकाला सांगून बघतो, गेटवर बोळ्यांचा डबा ठेवायला. खर्च त्यांच्या फुलांच्या हारांपेक्षा कमी. ऐकतील असं वाटत नाही, पण सांगतो. मात्र माझा मुद्दा सोडलेला नाही: गाणं ऐकायचं असेल तर फिल्टरवाले घ्या.

ताशा_पहिलीरांग

रात्री उशिरा लिहितोय. संध्याकाळी फार चिडून बोललो, काकू, राग मानू नका.

गेली दोन वर्षं मी फोन उजव्याच कानाला लावतो. डाव्याला लावला की समोरचा पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. रांगेत माझ्या डावीकडे कायम ताशाच असतो. घरी सांगितलेलं नाही, सांगितलं तर पथक सोडायला लावतील. ढोल कमी करा हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. पण बोळ्यांचं करतो. अडचण अशी आहे की तासाभरात घामाने फोम निसटतो आणि वाजवताना दोन्ही हात काड्यांत, परत बसवणार कसा? मफ घातला तर फेटा बसत नाही.

श्रवणखोली

आधी तपासून घ्या, याच आठवड्यात. पथक सोडायला मी सांगणार नाही.

फोम नको मग. सिलिकॉनचे तीन चकत्यांचे मिळतात, घामाने निसटत नाहीत, धुऊन पुन्हा वापरता येतात. दोन्ही प्लगना जोडणारी दोरी असलेली जोडी घ्या.

ताशा_पहिलीरांग

दोरी काडीत अडकेल.

लक्ष्मीरोडच्याकाकू

मानेमागून घे आणि फेट्याच्या शेमल्याखाली दाब. मुलाच्या चष्म्याची दोरी मी तशीच बांधायचे.