मुख्याध्यापकांच्या बदलीनंतरही शाळेची घडी टिकावी, यासाठी काय करावे?

प्रभारी मुख्याध्यापक, साक्री तालुका: आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी आहे. परिपाठाआधी वाचनाचा तास आम्ही सुरू केला असून, दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहावीत, यासाठी घरोघरी जाऊन बोलतो. हे सारे माझ्या बदलीनंतर थांबेल, अशी मला काळजी वाटते. आत्तापासून कोणती तयारी करावी?

निवृत्त केंद्रप्रमुख, शिरपूर: आपल्याकडे चार्ज देताना रोकडवही, साठा नोंदवही आणि कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात, परंतु कोणते मूल अक्षरांवर अडले आहे, कोणाला परिच्छेद वाचता येतो आणि कोणत्या घरातील आजी मुलांना ठेवून घेण्यास तयार आहे, हे मात्र जाणाऱ्या गुरुजींच्या डोक्यातच राहते. ही यादी मुलांच्या नावांनिशी लिहून ठेवा, दरमहा अद्ययावत करा आणि नव्या मुख्याध्यापकांसोबत त्या घरांना एकदा तरी भेट द्या. माझ्या मते खरा कार्यभार हाच आहे.

पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, धडगाव: सर, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा असतो, तरीही पुष्कळ ठिकाणी इतिवृत्तावर सह्या घेण्यापुरतीच सभा होते. आमच्याकडे सभा मजुरी आटोपल्यावर, सायंकाळी घेतली आणि आराखडा पावरी या आमच्या बोलीत समजावून सांगितला, तेव्हा बाया प्रश्न विचारू लागल्या. वाचनाचा तास समितीच्या ठरावात आणि आराखड्यात आला, तर नव्या सरांना त्याविषयी विचारण्याचा अधिकार पालकांना राहील.

शिक्षिका, चोपडा: दोन्ही सूचना पटतात, पण एक अडचण राहते. याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेहून अधिक पटावरच मिळतो, त्यामुळे लहान शाळेत वर्गशिक्षकच यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), शालार्थ (शिक्षकांच्या वेतनाची ऑनलाइन प्रणाली) आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळतो आणि तो तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बैठकीला गेला की सगळे वर्ग एकट्या सहकाऱ्यावर पडतात. अशा स्थितीत जबाबदारी वाटणे म्हणजे केवळ कागदपत्रे दुसऱ्याकडे सरकवणे होऊ नये. वाचनाच्या तासाचे नियोजन, पुस्तकांची निवड आणि पालकांशी बोलणे, हे निर्णयाच्या अधिकारासह सहशिक्षकांकडे आत्ताच द्या. तुम्ही शाळेत असताना त्यांनी पद्धत बदलली, तरी बदलू द्या.