दीव : जानेवारीत चार दिवस, तीन माणसं, अठरा हजार. मदत हवी आहे

मीठभाकर
मुंबईहून दीवला जायचं चाललंय. दोन मोठे आणि आठ वर्षांचा मुलगा. तारखा १२ ते १६ जानेवारी. जाणं-येणं धरून अठरा हजारांच्या वर जायचं नाही, म्हणजे विमान बाद. ट्रेन बरी की थेट स्लीपर बस? राहायला नागोआचा किनारा की दीव गाव? तिघांना एक स्कूटर पुरेल का? आणि जाता-येता गीर उरकता येईल का?

वारावादळ
सगळ्यात आधी तारखा बदला. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, अख्ख्या गुजरातला सुट्टी, आणि दारूबंदीच्या राज्याला लागून असलेलं दीव तेव्हा ओसंडून वाहतं. हजार-बाराशेची खोली त्या दोन दिवसांत तिप्पट सांगतात आणि तरी मिळत नाही. नाताळ ते १ जानेवारी आणि २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार यांचंही तेच. उत्तरायण उलटल्यावरचा सोमवार ते गुरुवार धरा.

आता प्रवास. मुंबई ते दीव सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरसुद्धा नाही, पण खंभातच्या आखाताला वळसा पडतो आणि रस्ता आठशेच्या घरात जातो. बसमध्ये अठरा-वीस तास मुलाला कोंडू नका. वांद्रे टर्मिनसहून वेरावळला जाणारी सौराष्ट्र जनता घ्या. दुपारी निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुलाला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण तिकीट लागतं, अर्धं नाही. स्लीपरला माणशी पाचशेच्या आतबाहेर धरा. थर्ड एसी त्याच्या अडीचपट जातं आणि तिथेच तुमचं बजेट कोसळतं. सौराष्ट्रात जानेवारीची पहाट बोचरी असते, स्लीपरच्या खिडकीतून वारं येतं. दोन चादरी आणि कानटोपी बरोबर ठेवा.

वेरावळ ते दीव नव्वदेक किलोमीटर. टॅक्सीवाला अडीच-तीन हजार सांगेल. स्वस्तातलं म्हणजे वेरावळ किंवा सोमनाथहून ऊना गावाची एसटी, आणि उन्याहून दीवला बस किंवा रिक्षा, साधारण १५ किलोमीटर. हा शेवटचा टप्पा संध्याकाळनंतर रखडतो, म्हणून दिवसाउजेडी उन्यात असा. गाडीतून उतरल्यावर सोमनाथचं दर्शन उरकून घ्या, सहा-सात किलोमीटरवरच आहे. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, सामानासकट बाहेर जमा करावा लागतो. रांगेचा वेळ सोडून त्यासाठी अर्धा तास धरा.

कोलंबी_फ्राय
नागोआला राहू नका. किनारा घोड्याच्या नालासारखा आणि पाणी शांत, हे खरं, पण खोली महाग, जेवण महाग, आणि शनिवार-रविवारी दारू प्यायला आलेल्यांचा गोंगाट. दीव गावात जेट्टीजवळ राहा. किल्ला आणि सेंट पॉल चर्च पायी होतात, बस तिथेच थांबते. मुलाला वाळूत खेळायचं असेल तर घोघला बघा, लांबलचक आणि स्वच्छ. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. जालंधर किनाऱ्यावर मात्र पोहायला उतरू नका, खडक आहेत.

एका स्कूटरवर तिघं बसलात तर दंड होईल. चार वर्षांवरचं मूल वाहतुकीच्या नियमात पूर्ण माणूस. दोन स्कूटर घ्या, दिवसाला प्रत्येकी चार-पाचशे. मूळ लायसन्स लागतं, मुलासाठी हेल्मेट आधीच मागून घ्या. टाकी जवळजवळ रिकामी देतात. बेट टोकापासून टोकापर्यंत बाराएक किलोमीटर, दोन लिटर भरलंत तरी पुष्कळ. जास्त भरलेलं पेट्रोल मालकाला दान.

पाऊणपट
दिवसाची आखणी उन्हावर आणि भरतीवर करा. दीव बरंच पश्चिमेला असल्याने जानेवारीत सव्वासातच्या आधी सूर्य उगवत नाही, पहाटे उठण्यात अर्थ नाही. नायडा गुंफा ११ ते १ मध्ये बघा. किल्ल्यासाठी दगड काढून झालेल्या त्या पोकळ्या आहेत, ऊन वर आलं की छतातल्या भोकांतून कवडसे थेट तळाला पडतात. सकाळी आठला गेलात तर नुसता अंधार.

फुदम गावातल्या गंगेश्वर मंदिरात पाच शिवलिंगं खडकात आहेत, भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. पूर्ण ओहोटीला गेलात तर कोरडा खडक दिसेल. भरतीच्या तासभर आधी पोचा. शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलाचा हात सोडू नका.

मीठभाकर
तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते ना?

पाऊणपट
तो ठोकताळा मुंबई-कोकणचा. तिकडे वेळ सरकते. त्या दिवसाचा दीवचा किंवा वेरावळचा तक्ता मोबाइलवर बघा.

वारावादळ
गीर सोडा. जिप्सीचा परवाना गाडीमागे असतो, वर गाइड आणि जिप्सीचं भाडं वेगळं. तिघांत वाटलं तर एका दुपारीत तुमच्या दोन रात्रींचं भाडं जाईल. फारच हट्ट असेल तर देवळियाची मिनीबस, पण ते कुंपणातलं गीर आणि बुधवारी बंद.

कोलंबी_फ्राय
सुरतेजवळच्या हजिऱ्याहून बोटीने जा असं कोणी सुचवलं तर नीट ऐका : ती बोट घोघाला लागते, घोघलाला नाही. घोघा भावनगरजवळ, तिथून दीव अजून पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे. स्वतःची गाडी असेल तरच ते परवडतं.

आणि परतताना बॅगेत बाटली ठेवू नका, सीलबंद असली तरी. नाक्यावर बसमध्ये चढून सामान उघडायला लावतात. परवाना नसेल तर तो गुन्हाच आहे, आणि त्या गडबडीत वेरावळची गाडी चुकते. गाडीच्या वेळेआधी चार तास तरी दीव सोडा.