कूलर लावा, पण खुराडं बंद करू नका

ताई, पत्र्याच्या खुराड्यात दार लावून कूलर सुरू ठेवायचा बेत सोडा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्या वाफेतून अंगातली उष्णता बाहेर काढते. कोंडलेली हवा दमट झाली की ती वाफ उडेनाशी होते, मग पंख्याचाही उपयोग नाही. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून इथे कूलर चालतो, पण समोरची जाळी उघडी हवी. जूनमध्ये ढग आले आणि उकाडा वाढला, की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवा.

पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर टाका, वरून पाणी शिंपडा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं तापतं (मेअखेरच्या नवतपात, म्हणजे त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर विचारूच नका), ते कोंबड्या पीत नाहीत. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, दुपारी दोनदा बदला. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, कारण पचनानेही अंग तापतं.

अंड्यांचं कवच पातळ येतंय म्हणालात, तेही धापांमुळेच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, पण आधी गारवा बघा.

एखादी पंख पसरून मान टाकून बसली, तर तिला सावलीत नेऊन पाय साध्या पाण्यात बुडवा. बर्फाच्या पाण्यात नको, धक्क्याने दगावते.