शब्दचर्चा: ‘चरित्र अभिनेता’ मराठीत चालेल का? (निमित्त: ब्रायन कॉक्स)

प्रश्न
ब्रायन कॉक्स या स्कॉटिश नटाच्या कारकिर्दीवर लिहितोय. इंग्रजीत त्याला जिथेतिथे ‘कॅरेक्टर ॲक्टर’ (नायक नव्हे, पण लक्षात राहणाऱ्या दुय्यम भूमिका करणारा नट) म्हटलेलं असतं. हिंदीवाले सरळ ‘चरित्र अभिनेता’ लिहितात. मराठीत तेच ठेवू का? ‘सहायक अभिनेता’ फारच मिळमिळीत वाटतं. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर
‘चरित्र अभिनेता’ नको. हिंदीत चरित्र म्हणजे नाटकातलं पात्रसुद्धा. आपल्याकडे चरित्र म्हटलं की शिवचरित्र, आत्मचरित्र, चरित्रपट. वाचकाला वाटेल, हा चरित्रपटांत कामं करणारा नट. आता गंमत अशी की कॉक्सने १९७१ मध्ये रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की, २००० मध्ये नाझी पुढारी गोअरिंग आणि २०१७ मध्ये चर्चिल केलाय, त्यामुळे त्या अर्थाने तुमचा शब्द चुकून बरोबर पडेल!
‘सहायक’ हा बक्षिसांच्या यादीतला शब्द. गोअरिंगसाठी त्याला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं ते सहायक अभिनेत्याच्या विभागात. ते त्या कामाचं झालं. अख्ख्या माणसाला तेच नाव कशाला चिकटवायचं?

उत्तर
वरच्याशी सहमत, पण माझा आक्षेप त्याआधीचा आहे. मुळात कॉक्सला ‘कॅरेक्टर ॲक्टर’ कोण म्हणतं? सिनेमावाले. नाटकवाल्यांना विचारा, ते असं म्हणणार नाहीत.

माणूस १९४६ चा, डंडीचा. तागाच्या गिरण्यांचं शहर, आईसुद्धा गिरणीत काम केलेली. आठ वर्षांचा असताना वडील गेले. चौदा-पंधराव्या वर्षी तो डंडी रेपमध्ये शिरला आणि पडेल ते काम करू लागला, अगदी स्टेज पुसण्यापासून. हे ‘रेप’ म्हणजे रेपर्टरी. एकच नटसंच बांधलेला, नाटकं मात्र बदलती. आज ज्याच्या डोक्यावर मुकुट, तो पुढच्या नाटकात निरोप्या. तिथून लंडनला नाट्यशिक्षण, १९६५ मध्ये एडिंबराचं लायसियम थिएटर, मग बर्मिंगहॅम रेप. तिथे तो इब्सेनचा पेअर गिंट झाला, शेक्सपिअरचा ऑर्लँडो झाला, आणि त्याच ऑर्लँडोच्या भूमिकेतून १९६७ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांपुढे आला. म्हणजे नायकच की!

१९८७ चा शेक्सपिअरचा टायटस अँड्रॉनिकस घ्या. दिग्दर्शन डेबोरा वॉर्नरचं, स्ट्रॅटफर्डचं स्वान थिएटर. त्या कामाला ऑलिव्हिए (ब्रिटिश रंगभूमीचं मोठं पारितोषिक) मिळालं आणि तेही मुख्य अभिनेत्याचं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘मॅनहंटर’ या सिनेमात त्याने नरभक्षक खुनी हॅनिबल लेक्टर केला होता, अँथनी हॉपकिन्सच्या पाच वर्षं आधी. मोजके प्रसंग. पांढरीशुभ्र कोठडी, आवाज न चढवता बोलणारा हुशार माणूस. सिनेमाच्या हिशेबात हा ‘कॅरेक्टर’, नाटकाच्या हिशेबात टायटस. नट तोच, उमेदीचा काळही तोच.

सगळ्यात बोलका पुरावा १९९० चा आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरने ‘किंग लिअर’ आणि ‘रिचर्ड तिसरा’ ही दोन नाटकं एकाच संचात बसवली आणि देशोदेशी फिरवली. एका नाटकात कॉक्स लिअर आणि इयन मॅकेलन त्याचा सेवक केंट. दुसऱ्यात मॅकेलन रिचर्ड आणि कॉक्स त्याच्या हाताखालचा बकिंगहॅम. तो लिअर पहिल्या प्रवेशात यायचा चाकाच्या खुर्चीतून, वाढदिवसाच्या पार्टीत आल्यासारखा कागदी टोपी वगैरे घालून, आणि तशा हसण्याखिदळण्यात मुलींना राज्य वाटून टाकायचा. दुसऱ्या नाटकात हाच गडी दुय्यम. आता सांगा, याला कोणत्या खणात टाकायचं?

तेव्हा ‘कॅरेक्टर ॲक्टर’ ही नटाची जात नाही, त्या त्या कामात मिळालेली जागा आहे. १९९५ मध्ये ‘ब्रेव्हहार्ट’मधला काका, २००३ मध्ये एक्स-मेनमधला खलनायक स्ट्रायकर. पुढे सत्तरी ओलांडल्यावर ‘सक्सेशन’मध्ये (२०१८ ते २०२३) माध्यमसम्राट लोगन रॉय, ज्याच्याभोवती अख्खी मालिका फिरते. २०२० चं गोल्डन ग्लोब मिळालं ते पुन्हा मुख्य अभिनेत्याचं. लोगन रॉय पाहताना लिअर आठवतो असं पुष्कळांनी लिहिलंय. आठवणारच. गादी सोडवत नाही, मुलांवर भरवसा नाही, आणि हा माणूस लिअर करून बसलेला.

मी असतो तर नुसतं ‘नट’ लिहिलं असतं. ‘अभिनेता’सुद्धा मला जरा इस्त्रीचा वाटतो.

उत्तर
आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत राजापार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट असे शब्द होते. पण ते नटाला त्याच्या कामाशी कायमचे बांधून टाकायचे. राजापार्टी तो राजापार्टी. कॉक्सला त्यातला एकही लागू नाही.

उत्तर
निळूभाऊ फुल्यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? १९७२ मध्ये रंगभूमीवर सखाराम बाइंडर, म्हणजे शीर्षकभूमिका. सिनेमात पाटील, सरपंच, खलनायक. त्यांना ‘चरित्र अभिनेता’ म्हटलेलं मराठी कानाला सोसेल का? त्यांच्याबद्दल जसं बोलतो तसंच कॉक्सबद्दल लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. मग पहिलं वाक्य असं करतो: ‘ब्रायन कॉक्स हा रंगभूमीवर मुख्य आणि पडद्यावर बरीच वर्षं छोट्या पण लक्षात राहणाऱ्या भूमिका केलेला इंग्लिश नट.’ कसं वाटतं?

उत्तर
‘इंग्लिश’ तेवढं काढा हो! डंडीचा माणूस, त्यात स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा उघड पाठीराखा. ‘स्कॉटिश’ लिहा. आणि कुणी ‘स्कॉच’ सुचवलं तर ती बाटलीसाठी राखून ठेवा. बाकी वाक्य चालेल, फक्त ‘छोट्या’ऐवजी ‘मोजक्या प्रसंगांच्या’ करा. लेक्टरला छोटा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.