दुधाचा डबा: परदेशात मदत करावी की पाठ फिरवावी?

वाटसरू:
कंबोडियात सियाम रीपला, पब स्ट्रीटजवळ, कडेवर तान्हं घेतलेल्या एका बाईनं मला अडवलं. "नो मनी, ओन्ली मिल्क." हाताला धरून दुकानात नेलं आणि फळीवरच्या महागड्या पावडरच्या डब्यावर बोट ठेवलं. घेऊन दिला. तिनं हात जोडले, मीही जरा फुशारलो. रात्री हॉटेलात कळलं, हा तिथला जुना खेळ आहे. डबा दुकानात परत जातो, पैसे दोघांत वाटले जातात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम डोकावलो, तर कडेला पोचा आलेला तोच डबा फळीवर! तेव्हापासून माझं मत पक्कं: परदेशात रस्त्यावर मदत करूच नये.

खारेदाणे:
असहमत. अंकोरच्या प्राचीन देवळांच्या एका दिवसाच्या पासाचे ३७ डॉलर निमूट मोजलेत ना? ते कुठे जातात, विचारलंत? डब्याचा मात्र कीस पाडताय. बाई खोटं बोलली, पण बाळ तर खरं होतं!

काठावरची:
बाळ खरं होतं, हीच तर अडचण आहे. त्याला बघून पाकीट निघतं, म्हणून ते रात्री झोपायच्या वेळी रस्त्यावर असतं.
मीही शहाणी नव्हे. तिथल्याच एका अनाथालयात तांदळाचं पोतं दिलं, पोरांचा नाच पाहिला, फोटो काढले. निघताना एक मुलगी म्हणाली, एप्रिलात नवीन वर्षाला आईकडे जाणार. आईकडे! मग वाचत गेले. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफ कधीपासून सांगतंय. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून अनाथालयं वाढतात आणि ती भरायला गरिबांची पोरं आणली जातात.

खारेदाणे:
म्हणजे द्यायचंच नाही. सोयीचं आहे.

काठावरची:
द्या की. राजधानी नॉम पेन्हमध्ये रस्त्यावरच्या तरुणांना स्वयंपाक शिकवणारी उपाहारगृहं आहेत, तिथे जेवा.

खारेदाणे:
जेवून पुण्य! पचायलाही हलकं. पण त्या बाईला त्या रात्री काय मिळालं?

वाटसरू:
एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दिसली. मला ओळखून हसली आणि माझ्या मागच्या जोडप्याकडे वळली. त्यांना सावध करणं दोन शब्दांचं काम होतं. मी गप्प राहून पुढे गेलो.

काठावरची:
आणि मत पक्कं म्हणे!