मदत हवी आहे: धाकट्या भावाचे फोटो नीट येईनात, सोमवारच्या आत हवेत

अनगोळची_ताई: आमच्या धाकट्याचे फोटो काढायलोय. चार दिवस झाले, एक धड नाही. हललेला तरी येतो, नाहीतर "बघ इकडे" म्हटलं की आधार कार्डाला उभा राहिल्यासारखा ताठ. मला तो जसा आहे तसा हवा. सोमवारच्या आत. लवकर सांगा.

निपाणीकर: कॅमेरा कुठला? घरात की बाहेर? पोरगा किती वर्षांचा? यातलं काहीच सांगितलं नाहीस की गं.

खडेबाजारकर: कॅमेऱ्याला ५० एमएमची १.८ लेन्स घ्या, कमी उजेडातही चालते. माझ्या पुतण्याचे सगळे फोटो तिच्यावरच काढलेत.

अनगोळची_ताई: फोनवर काढायलोय हो काका, लेन्स कुठली! नऊ वर्षांचा आहे. पावसामुळे घराच्या सोप्यातच खेळतो, गोट्या.

निपाणीकर: मग तेच कारण. सोप्यात उजेड कमी, फोन आपोआप शटर हळू करतो, म्हणजे एका फोटोला जास्त वेळ घेतो. फोटोच्या माहितीत बघ, किती दाखवतंय?

अनगोळची_ताई: १/२० सेकंद.

निपाणीकर: हलणारच. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथं हे आकडे आपण ठरवतो, निदान १/२५० ठेव, पळत असेल तर १/५००. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढेल, फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत.

वडगावचा_उनाड: ट्यूबलाइट लावा, विषय संपला.

निपाणीकर: नको. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. १/५०० ला फोटोत पट्टे येतात. दारातच खेळायला बसव, तोंड उजेडाकडे.

मलप्रभाकाठ: त्यापेक्षा आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगडावर न्या. पाऊस उघडला की तिथला उजेड काय असतो!

खडेबाजारकर: पण सोमवारच का? स्पर्धा आहे का?

अनगोळची_ताई: प्लास्टर कापणार ना सोमवारी! सांगायचं राहिलं. सायकलवरनं पडून उजवा हात मोडलाय. पाच आठवड्यांत डाव्या हातानं नेम धरायला शिकला, आता गल्लीतल्या मोठ्या पोरांना हरवतो. प्लास्टरवर वर्गातल्या पोरांची नावं, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत. कोपराजवळ जिंकलेल्या गोट्यांचा हिशेब. फोटोत मात्र नुसता पांढरा ठिपका.

वडगावचा_उनाड: हे आधी सांगायचं की!!

गृहिणी_खानापूर: मोडलेल्या हातानं खेळू देता? दूध, नाचणी द्या.

निपाणीकर: डाव्या हातानं खेळतोय हो वहिनी. आणि प्लास्टरच्या हाताची बोटं हलवायला डॉक्टरच सांगतात.

ताई, पांढरा भाग जळतोय, म्हणजे जास्त उजेडानं नुसता पांढरा होतोय. स्क्रीनवर प्लास्टरवरच बोट टेक, सूर्याची खूण खाली ओढ, अक्षरं दिसतील. तू फरशीवर पोटावर झोप, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. बघ म्हणू नकोस. एखाद्या मोठ्या पोराला समोर खेळायला बसव आणि बटण दाबून धर, बऱ्याच फोनवर ओळीनं वीस-तीस निघतात.

खडेबाजारकर: तरी लेन्स ती लेन्सच.

अनगोळची_ताई: एक जमला! जीभ बाहेर, डावा डोळा मिटलेला, गोटी बोटातनं नुकती सुटलेली. हिशेबातला ४७ सुद्धा वाचता येतोय. तो म्हणतोय ५२ झाल्यात, परत काढ.

मलप्रभाकाठ: गडावर जाताना येळ्ळूरवरनं जा, रस्ता बरा आहे.