पंख फक्त पेगाससलाच नव्हते

वर एका दादांनी लिहिलं की पेगासससारखा पंखवाला घोडा ही निव्वळ ग्रीकांची गोष्ट, आपल्याकडे तसं काही नव्हतंच. मले नाही पटत हे. शालिहोत्र ऋषींची कथा आहे ना, अश्वशास्त्रातली, पहिले सगळ्याच घोड्यांना पंख होते, इंद्राला रथासाठी घोडे पाहिजे होते पण उडणारे जनावर जुंपणार कसं, म्हणून त्यानं शालिहोत्राला पंख कापायला सांगितलं, मग जखमी घोडे त्याच्याकडेच आले आन् त्यांच्या दवादारूसाठी त्यानं शास्त्र सांगितलं. केवढी जबरदस्त कथा आहे राजेहो! आमच्याकडे गोऱ्हा पहिल्यांदा जुवाखाली घेतात तेव्हा त्याचे डोळे पाहा, ही कथा लगेच समजते.

पेगासस मेड्युसा नावाच्या ग्रीक राक्षसिणीच्या कापलेल्या मानेतून जन्मला हे बरोबर, पण कोरिंथ या जुन्या ग्रीक शहराची चांदीची नाणी झूम करून पाहाच, एका बाजूला उडता पेगासस, दुसरीकडे शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, आन् लोक त्या नाण्याला चक्क ‘शिंगरू’ म्हणायचे. इटलीत तार्क्विनियाला तर पंखवाल्या घोड्यांची मातीची भाजलेली जोडीच आहे, तिथल्या जुन्या एट्रुस्कन लोकांची, इ.स.पू. 4थ्या शतकाच्या आसपासची. मले तेच सगळ्यात आवडतात.

आन् नागपूरजवळ माहुरझरीला शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं गोल रिंगण असलेल्या जुन्या दफनांत, माणसासोबत घोडे पुरलेले सापडलेत, तोंडावरचे तांब्याचे दागिने घालून. पंख नाहीत त्यांना, पण मेल्यावरही घोडा सोबत पाहिजे असं वाटणारे लोक इथं आपल्याच मातीत राहत होते.